सुनेचे तांदूळ आणि मुलाचा खर्रा

गडचिरोली जिल्ह्यातल्या आरमोरी तालुक्यातून एका ताईंनी लिहिलं आहे:

‘सुनंले कच्चे तांदूर खायाचं व्यसन लागलं आहे. लग्नाला पाच वर्षं झाली, दोन लेकरं आहेत. धाकटं झालं तेव्हापासून हे सुरू झालं. कोठीतून मूठभर घेते, पदराला बांधून वावरात नेते. रोवणीच्या दिवसांत तर धुऱ्यावरची माती तोंडात टाकताना शेजारणीनं पाहिलं. रागावलं की रडते, आता नाही खाणार म्हणते, अन् दोन दिवसांनी पुन्हा तेच. पुजाऱ्याकडून अंगारा आणला, फरक नाही. आजकाल पाण्याचा गुंड उचलला तरी धापा टाकते, कामचुकारपणा करते असं वाटते. नातेवाईक म्हणतात माहेरी पाठवून द्या, सुटलं की आणा. घरात दुसऱ्या कोणाला व्यसन नाही. मुलगा खर्रा खाते, दिवसाचे सहा-सात होतात, पण दारूला शिवत नाही. हल्ली त्याला तिखट सोसत नाही म्हणून भाजी दोन वेगळ्या कराव्या लागतात, तेवढाच त्रास. आमचे हे पहाटे चारला उठून अंगण झाडतात, मी झाडलेलं असलं तरी पुन्हा झाडतात. लोक हसतात. अन् माझं म्हणाल तर हरतालिकेला चहा सुटतो तेव्हा दुपारपासून डोकं ठणकते. मग आम्ही सगळेच व्यसनी का? सुनेचं कसं सोडवायचं ते सांगा.’

ताई, आधी सरळ उत्तर देते. तुमच्या सुनेला व्यसन नाही. तिच्या अंगात बहुतेक रक्त कमी आहे, आणि ते या आठवड्यात तपासायला हवं. व्यसन तुमच्या घरात आहे, पण ते मुलाला आहे. ‘तिखट सोसत नाही’ हे तुम्ही जाता जाता लिहिलंत, पण तुमच्या पत्रातली सगळ्यात काळजीची गोष्ट तीच आहे. सुनेबद्दल इतकं सविस्तर लिहिलंत आणि मुलाबद्दल दोन-तीन ओळीच, याबद्दल तुम्हाला बोल लावत नाही. आपल्याकडे चारचौघांत जे वेगळं दिसतं त्याचीच चर्चा होते. बाईनं माती खाल्ली तर ती शेजारणीच्या लक्षात राहते. सुपारी-तंबाखूचा खर्रा मात्र पाहुण्यालाही विचारतात आणि मजुरालाही देतात, म्हणून तो कुणाच्या डोळ्यावर येत नाही. पण एखादी गोष्ट किती विचित्र दिसते, यावरून ती व्यसन आहे की नाही हे ठरत नाही.

मग ठरतं कशावरून? डॉक्टर मुख्यतः तीन गोष्टी बघतात. माणसाचा त्या गोष्टीवरचा ताबा सुटला आहे का, म्हणजे किती, कधी, कुठे हे त्याच्या हातात उरलं आहे का. ती गोष्ट घर, काम, पैसा, तब्येत या सगळ्यांच्या पुढे जाऊन बसली आहे का, नुकसान दिसत असूनही चालूच आहे का. आणि शरीर तिला बांधलं गेलं आहे का, म्हणजे पूर्वीइतक्यात भागत नाही आणि मिळाली नाही की जीव कासावीस होतो. यांतली एखादी खूण कुणातही सापडेल. दोन-तीन एकत्र आल्या आणि बरेच महिने टिकल्या की ते व्यसन समजायचं. त्यासाठी पोटात काही जावंच लागतं असंही नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या आजारांच्या यादीत जुगार आणि मोबाइलवरचे गेम यांचंही व्यसन धरलं आहे. कोंबडबाजारात, म्हणजे कोंबड्यांच्या झुंजीवरच्या जुगारात, बैलाचे पैसे घालवून पुढच्या आठवड्यात उसनवारी करून पुन्हा तिथेच जाणारा माणूस तुम्ही पाहिला असेल. त्याच्या तोंडात काहीच नसतं, तरी तो सुटत नाही.

तुमच्या यजमानांचं आधी उरकते. ते पहाटे अंगण झाडतात, झाडलेलं पुन्हा झाडतात, यात कुणाचं काही बिघडत नाही. मागच्या खेपेला तापानं पडले असतील किंवा चार दिवस लेकीकडे गेले असतील, तेव्हा काय झालं ते आठवा. अंगणाची आठवण काढून गप्प झोपले असतील तर ती निव्वळ सवय आहे आणि म्हाताऱ्या माणसाला ती खुशाल करू द्या. झाडलं नाही तर काहीतरी वाईट होईल या भीतीनं त्यांना झोप लागत नसेल, हात सोलेपर्यंत झाडत असतील, तर तो मनाचा आजार असू शकतो आणि त्याला औषध आहे. पत्रावरून तसं काही वाटत नाही. हसणाऱ्यांना हसू द्या.

तुमच्या चहाचं थोडं समजावून सांगावं लागेल, कारण प्रश्न चांगला विचारलात. रोजच्या चहाची शरीराला सवय होते. तो सुटला की साधारण बारा ते चोवीस तासांत डोकं दुखायला लागतं आणि काही दिवसांत आपोआप थांबतं. पण शरीराला सवय होणं आणि व्यसन लागणं एक नाही. मिरगीच्या गोळ्या अचानक बंद केल्या तर झटके येतात, म्हणून त्या रुग्णाला गोळ्यांचं व्यसन आहे असं आपण म्हणत नाही. तुम्ही हरतालिकेला चहा सोडता, डोकं दुखतं तरी उपवास पुरा करता. याचा अर्थ ताबा तुमच्याकडे आहे. एक मात्र करा, आणि सुनेलाही सांगा: जेवणाबरोबर किंवा जेवून उठल्या उठल्या चहा घेऊ नका, अन्नातलं लोह त्यानं अंगी लागत नाही. तासाभराचं अंतर ठेवा.

आता सून. कच्चे तांदूळ, माती, खडू, पाटीवरची पेन्सिल, चुलीची भाजकी माती, बर्फ असलं खावंसं वाटणं बायकांमध्ये नवं नाही. डॉक्टरी भाषेत त्याला पायका म्हणतात. त्याचा संबंध बहुतेक वेळा अंगातल्या लोहाच्या कमतरतेशी लागतो, विशेषतः गरोदरपणात आणि बाळंतपणानंतर. तुम्हीच लिहिलंत की धाकटं झालं तेव्हापासून हे सुरू झालं. पाच वर्षांत दोन बाळंतपणं, अंगावर पाजणं, वर रोवणीचं काम. पाण्याचा गुंड उचलला की धाप लागते तो कामचुकारपणा नाही, रक्त कमी असलं की असंच होतं. ती एकटी नाही. २०१९ ते २०२१ मध्ये झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांमध्ये रक्त कमी आढळलं होतं.

तुम्ही म्हणाल, तीही ‘नाही खाणार’ म्हणते आणि पुन्हा खाते, लपवतेही, मग तिचाही ताबा सुटलाच ना? वरवर बघितलं तर तसंच दिसतं. फरक कारणात आहे. लोहाची उणीव असेल तर ती भरायला लागताच तांदळाची ओढ आपसूक कमी होते. बऱ्याच बायकांची ती काही दिवसांत किंवा आठवड्यांत जाते, रक्ताचा आकडा पुरता वर यायच्याही आधी. शपथ लागत नाही, अंगारा लागत नाही, मनाचा निग्रहही लागत नाही. आणि ती लपवते यातला मोठा वाटा घरातल्या बोलण्याचा आहे. रागावणं थांबलं की लपवणंही थांबेल.

तिला घेऊन प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा ग्रामीण रुग्णालयात जा. आशाताई सोबत आल्या तर उत्तम. हिमोग्लोबिन बघायला सांगा. गरोदर नसलेल्या बाईचं ते १२ च्या खाली असेल तर रक्त कमी, आणि ७ ते ८ च्या खाली असेल तर घरी बसण्यात अर्थ नाही. ती गरोदर आहे का तेही विचारा, पाळीत रक्त फार जातं का तेही. हे प्रश्न तुम्ही एकटीत विचारलेत तर ती सांगेल, मुलाच्या आणि सासऱ्याच्या देखत नाही सांगणार. आणि सिकलसेलची, म्हणजे आईबापांकडून लेकरांत येणाऱ्या रक्ताच्या आजाराची, तपासणी आधी झाली नसेल तर नक्की करून घ्या. आपल्या जिल्ह्यात तो आजार बऱ्याच घरांत आहे. सिकलसेलमध्येही रक्त कमी दिसतं, पण तिथे दर वेळी लोह कमी असतंच असं नाही, त्यामुळे तपासल्याशिवाय मनानंच लोहाच्या लाल गोळ्या सुरू करू नका. सिकलसेल निघालाच तर दोन्ही लेकरांचीही तपासणी करावी लागेल.

माती खाण्यात होत असलेला अपाय मात्र खरा आहे. तिच्यातून जंतांची अंडी पोटात जातात. आणि अंकुश कृमी नावाचा जंत तर अनवाणी पायाच्या कातडीतूनच शिरतो, आतड्याला चिकटतो आणि रक्त पितो. म्हणजे रक्त कमी म्हणून माती खावीशी वाटते, आणि मातीत जंत असतील तर रक्त आणखी कमी होतं. जंताची गोळी डॉक्टर देतील. कच्च्या तांदळानं दात झिजतात, पोट भरून जेवण कमी होतं आणि लोह अंगी लागायला अडथळा येतो. तोंडात काहीतरी हवंच असेल तर तिला भाजलेले चणे-फुटाणे द्या, तांदळाच्या कोठीला कुलूप लावू नका. गोळ्या सुरू झाल्या की शौचाला काळी होईल, मळमळेल, पोट बांधल्यासारखं वाटेल. त्याला घाबरून चार दिवसांत गोळ्या कोनाड्यात पडतात, हे फार घरांत घडतं. लिंबू पिळलेल्या पाण्याबरोबर घ्यायला सांगा, चहा-दुधाबरोबर नको. डॉक्टर थांबा म्हणेपर्यंत काही महिने त्या चालू ठेवाव्या लागतील. पालेभाजी, अंडी, मासळी जे परवडेल ते ताटात वाढवा, पण एकदा खोल गेलेली उणीव नुसत्या जेवणानं भरत नाही.

रक्त ठीक निघालं आणि तरी ओढ तशीच राहिली, तर मनावरचा ताण, जुनी घुसमट याही वाटेनं बघावं लागतं. तेव्हा समुपदेशकाशी बोलायचं. पण सुरुवात रक्तापासून.

आता मुलगा, ज्याच्यासाठी मी हे पत्र इतर पत्रांच्या आधी हाती घेतलं. दारूला शिवत नाही ही चांगलीच गोष्ट आहे. गडचिरोलीत बायाबापड्यांनी लढून १९९३ मध्ये दारूबंदी आणली, तिचा हा जिल्हा आजही अभिमान बाळगतो. पण त्यामुळे दारू म्हणजे व्यसन आणि खर्रा म्हणजे साधी तलफ, असं आपल्या डोक्यात बसून गेलं. पन्नीत घोटलेल्या त्या पुडीत काय असतं ते बघा. सुपारी, तंबाखू, चुना. तंबाखूतलं निकोटिन मेंदूला बांधून ठेवतं. ते रोज मिळत गेलं की मेंदूत त्याची वाट बघणाऱ्या जागा वाढतात, म्हणून दोनाचे चार आणि चाराचे सहा होतात. सुपारीचीही वेगळी तलफ असते. आणि नुसती सुपारी, तंबाखूशिवायचीसुद्धा, कर्करोग करते हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं २००४ मध्येच नोंदवलं आहे.

तुमच्या मुलाला तीन प्रश्न मनात विचारून बघा, त्याला समोर उभं करून नाही. सकाळी खर्र्याशिवाय त्याला शौचाला होतं का? पानठेला बंद असला तर तो दुसऱ्या गावाला गाडी काढतो का, चिडतो का, लेकरावर खेकसतो का? यापूर्वी कधी सोडायचं म्हणाला होता का, आणि मग काय झालं? उत्तरं तुम्हाला माहीत असतील. खर्च मी तुमच्यासाठी मांडते: वीस रुपयांचा एक धरला तर सहा खर्र्यांचे दिवसाला १२० रुपये, वर्षाला ४३ हजारांच्या वर. धान विकून हातात काय उरतं ते तुम्ही मला सांगायची गरज नाही.

आणि ते तिखट. खर्रा खाणाऱ्याला तिखट झोंबायला लागणं हे तोंडातलं आतलं कातडं कडक होऊ लागल्याचं लक्षण असू शकतं. सुपारीमुळे गालाच्या आतली मऊ त्वचा पांढुरकी, ताठर होते, तिच्या दोऱ्या तयार होतात आणि हळूहळू तोंड उघडेनासं होतं. त्याला आज संध्याकाळी तोंड पूर्ण उघडायला सांगा आणि त्याचीच तीन बोटं, उभी एकावर एक धरून, वरच्या आणि खालच्या दातांच्या मध्ये जातात का बघा. तीन जात नसतील तर तोंड आखडायला लागलं आहे. तीन जात असतील तरी तिखट झोंबतं म्हणून दातांच्या डॉक्टरला दाखवाच. पांढरा किंवा लाल चट्टा, दोन-तीन आठवड्यांत न भरणारी जखम, मानेत गाठ यांपैकी काही असेल तर एक दिवसही थांबू नका. आखडलेलं तोंड पूर्ववत होणं अवघड असतं. पण खर्रा सुटला तर पुढचं आखडणं बरंचसं थांबू शकतं, आणि या आजारात कर्करोग होण्याचा धोका असतो तोही कमी होतो. दोन वेगळ्या भाज्या करून तुम्ही त्याची सोय बघितलीत. पण त्या सोयीनं दुखणं झाकलं गेलं. आजपासून भाजी एकच करा आणि त्याला का ते सांगा.

सोडवताना काय करू नका तेही सांगते. लेकराच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घ्यायला लावू नका. शपथ मोडते, मग माणूस तोंड लपवतो आणि जास्त खातो. सुनेपुढे त्याची आणि त्याच्यापुढे सुनेची तुलना करू नका. ‘नुसती सुपारी खा’, ‘त्यापेक्षा गुडाखू घास’ असले सल्ले घरात येऊ देऊ नका, दाताला घासायच्या गुडाखूतही तंबाखूच असतो. बाकी, पहिले दोन-तीन दिवस सगळ्यात वाईट असतात. डोकं जड होईल, झोप बिघडेल, रागराग होईल, शौचाला होणार नाही. दोन ते चार आठवड्यांत हे बरंच उतरतं. एकेक तलफ काही मिनिटांचीच असते, तेवढा वेळ हाताला किंवा तोंडाला काम लागतं. सकाळी कोमट पाणी, खिशात बडीशेप-लवंग, आणि पानठेल्यावरून न जाणारी वाट. पहिला महिना त्याच्या दोस्तांना तुमच्या ओसरीवर बोलवा, त्याला ठेल्यावर जावं लागू नये म्हणून. रोवणी किंवा धानकापणीच्या ऐन गर्दीत सुरुवात नको, चार मोकळे दिवस निवडा. निकोटिनचं च्युइंगम मिळतं, पण त्याचं तोंड आधीच बिघडलेलं असू शकतं, म्हणून ते डॉक्टरांना विचारूनच. पुन्हा एखाद-दोनदा खाल्ला तर सगळं वाया गेलं असं समजू नका. सोडणाऱ्या बहुतेकांना एकापेक्षा जास्त खेपा लागतात.

मदत मागायला लाजू नका. तुमच्या जिल्ह्यात २०१६ पासून ‘मुक्तिपथ’चं काम चालतं, त्यात दारूबरोबर तंबाखू सोडवण्याचंही. तालुक्याला त्यांचं कार्यालय कुठे आहे ते आशाताईंना विचारा. तंबाखू सोडण्यासाठी सरकारी मोफत फोन १८००-११-२३५६ आहे. मनाच्या कुठल्याही त्रासासाठी, सुनेलाही बोलावंसं वाटलं तर, टेली-मानसचा १४४१६ आहे.

हे वाचणाऱ्या इतर घरांसाठी एक सावधगिरीची सूचना. खर्रा कुठल्याही दिवशी सोडला तरी जिवाला धोका नसतो. रोज भरपूर दारू पिणाऱ्याची गोष्ट निराळी आहे. त्याची दारू घरच्यांनी कोंडून एकदम बंद केली तर हातपाय थरथरतात, झटके येऊ शकतात, दोन-तीन दिवसांत भ्रम होऊन जीवही जाऊ शकतो. त्याची दारू डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सोडवायची.

राहिलं माहेरी पाठवण्याचं. नका पाठवू. ‘सुटलं की आणा’ म्हणून पाठवलेली सून माहेरीही अपराध्यासारखी राहील, आणि तिथे तिचं रक्त कोण तपासणार? दोघांना एकाच दिवशी, एकाच गाडीनं रुग्णालयात न्या. सून तपासायला चालली आणि मुलगाही तपासायला चालला, हे गावालाही दिसू द्या. ती तिथे एकटी आरोपी म्हणून जाणार नाही, नवरा तिच्या शेजारी बाकावर बसलेला असेल. अंगाऱ्याचं पुजाऱ्याला काही कळवायची गरज नाही, वाद नको. आणि शेजारणीनं पुन्हा विषय काढला तर तिलाही हिमोग्लोबिन तपासून घ्यायला सांगा, तीही त्याच बांधीत राबते.

रिपोर्ट आले की सुनेचं हिमोग्लोबिन किती निघालं, सिकलसेलचा निकाल काय आणि मुलाच्या तोंडात किती बोटं गेली, एवढं लिहून पाठवा. गोळ्यांच्या बाबतीत डॉक्टरांना पुढे काय काय विचारायचं, ते त्यावरून सांगते. मुलाच्या दातांच्या डॉक्टरसाठी मात्र माझ्या पत्राची वाट बघत बसू नका.